चार आठवडे, चार आत्मकथने : एका महिन्याच्या वाचनाचा आढावा

वाङ्मयेतिहासात ग्रंथ कालक्रमाने उभे असतात, ग्रंथालयात विषयवारीने आणि अभ्यासक्रमात परीक्षेच्या सोयीने. वाचकाच्या उशाशी ते ज्या क्रमाने येऊन पडतात, तो क्रम यांपैकी कशातच बसत नाही. हाताला आले ते, कोणी सुचविले ते, परत करण्याची तारीख जवळ आली म्हणून आधी उरकले ते, अशा नाना कारणांनी तो ठरत जातो. ही वाचकाची खाजगी बाब मानली जाते आणि समीक्षा तिच्याकडे सहसा वळत नाही. परंतु एका पुस्तकाच्या शेजारी दुसरे कोणते पुस्तक वाचले गेले, यावर पहिल्याचा अर्थ काही अंशी अवलंबून असतो. महिन्याभराचा आटोपशीर काळ घेतला, तर अर्थाची ही घडामोड बारकाईने पाहता येते. वर्षभराच्या वाचनाचा हिशेब आठवणीत विरून जातो. एकट्या पुस्तकाचा विचार एकाकी राहतो. महिन्याभरात वाचलेली चार पुस्तके मात्र मनात एकाच वेळी जागी असतात आणि एकमेकांशी बोलू लागतात.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत मराठी वाचणाऱ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या. तेथल्या एखाद्या वाचकाची कल्पना करावी. घरात बोलली जाते तीच सारी मराठी, असा त्याचा नकळत झालेला समज आहे. मे महिन्याच्या सुटीत तो ग्रंथालयातून आठवड्याला एक याप्रमाणे चार पुस्तके घरी नेतो आणि एका वहीत त्यांच्यासंबंधी चार ओळी टिपून ठेवतो. पहिल्या आठवड्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दुसऱ्यात सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’, तिसऱ्यात दया पवारांचे ‘बलुतं’ आणि चौथ्यात बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ असा त्याचा क्रम आहे. ही पुस्तके त्याला तीन वेगवेगळ्या कपाटांत मिळतात. पहिले ‘आत्मचरित्र’ म्हणून लावलेले आहे, दुसरे ‘स्त्रीसाहित्य’ म्हणून, उरलेली दोन ‘दलित साहित्य’ म्हणून. बेबी कांबळे यांना स्त्रीसाहित्याच्या कपाटात जागा का नाही, हा प्रश्न त्याला पहिल्या दिवशी पडत नाही. महिन्याच्या अखेरीस तो पडतो.

ही विभागणी केवळ ग्रंथपालाची सोय नाही. मराठी समीक्षेची परिभाषाही तिच्याच अंगाने वाढली आहे. प्रतिष्ठित व्यक्तींनी आयुष्याच्या उतारावर लिहिलेल्या ग्रंथांना ‘आत्मचरित्र’ म्हणावयाचे आणि दलित लेखकांच्या ग्रंथांना ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’, असा प्रघात पडला. या वेगळ्या संज्ञांना ऐतिहासिक कारण होते. आयुष्याची फलश्रुती सांगण्यासाठी हे लेखन झालेले नव्हते. जगण्याला तोंड देत असतानाच ते केले गेले होते. जुन्या नावाखाली त्याचे वेगळेपण दडपले गेले असते. वेगळे कपाट मिळाले म्हणून ते दिसू लागले, ही त्या संज्ञांची कामगिरी मान्य केली पाहिजे. मात्र पुढे त्याच कपाटाचे दार लागून घेतले जाते. आतल्या पुस्तकांनी बाहेरच्या पुस्तकांना विचारलेले प्रश्न मग ऐकू येईनासे होतात. खाजगी वाचनाने हे दार कसे किलकिले होते, ते येथे पाहावयाचे आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला; लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर आणि मनातल्या दीर्घ झगड्यानंतर १९००मध्ये. एवढ्या उलथापालथीची ही कहाणी असूनही वाचकाला पहिल्या आठवड्यात जाणवतो तो तिचा प्रसन्नपणा. लक्ष्मीबाई टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाला हसतात, नातेवाइकांना हसतात आणि सर्वांत अधिक स्वतःला हसतात. औपचारिक शिक्षणाचा संस्कार जवळजवळ नसलेली त्यांची भाषा ओसरीवर बसून बोलावे तशी सहज आहे. वाक्य लहान, शब्द रोजचा, आणि प्रसंग पुरा झाला की तेथेच थांबण्याचे भान. वाचकाला आपण त्या घरचे पाहुणे आहोत असे वाटते. पुस्तक त्याला बसावयास पाट देते, त्याची परीक्षा घेत नाही.

या घरातील पहिला मोठा प्रसंग मात्र भयंकर आहे. १८५७च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आणलेले मीठदेखील धुवून घेणाऱ्या त्या घराचे वर्णन मराठी गद्यातील उत्कृष्ट विनोदी भागांपैकी एक आहे. वाचक वहीत लिहितो : ‘धुतलेल्या मिठाचे काय होत असेल? हसून पुरेवाट.’ पहिल्या आठवड्याच्या अखेरची ही नोंद लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

दुसऱ्या आठवड्यातील ‘आहे मनोहर तरी’ १९९०मध्ये प्रकाशित झाले. येथे वाचकाची भूमिका बदलते, आणि तीही त्याच्या मनाविरुद्ध. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदावर वाढलेल्या या वाचकाची अशी समजूत असते की या घराचा नायक आपल्याला आधीपासूनच ठाऊक आहे. तो पुस्तक उघडतो ते लाडक्या लेखकाच्या घरात डोकावण्यासाठी. सुनीताबाई त्याची ही अपेक्षा पुरी करीत नाहीत. कालक्रम सोडून, एका आठवणीतून दुसरीत शिरत त्या लिहितात. स्वतःच्या शिस्तीचा, हट्टाचा आणि कठोरपणाचा हिशेब जितक्या निर्ममपणे मांडतात, तितक्याच निर्ममपणे पतीच्या बेफिकिरीचाही मांडतात. समारंभातील टाळ्यांमागे घरात कोणी किती कामे उचलली, कोणाचे कोणते सामर्थ्य वापराविना पडून राहिले, हे प्रश्न त्या विचारतात. हे पुस्तक आले तेव्हा अनेकांना ते आवडले आणि अनेकांना ते खटकले, यात आश्चर्य नव्हते. वाचकाच्या मनातील एका मूर्तीला ते हात लावते.

पहिल्या आठवड्यातील लक्ष्मीबाईंशी तुलना येथे अपरिहार्य ठरते. दोघींचेही पती लोकप्रिय, प्रतिभावान आणि संसाराच्या बाबतीत अवघड. लक्ष्मीबाईंनी तक्रार हास्यात मुरवली. सुनीताबाईंनी ती तर्काच्या कसोटीला लावली. यावरून पहिली अधिक क्षमाशील आणि दुसरी अधिक कडवट, असा निष्कर्ष वाचक घाईने काढतो आणि वहीत लिहूनही टाकतो. तो पुढे त्यालाच अपुरा वाटू लागतो. लक्ष्मीबाईंच्या हास्यात क्षमा आहे हे खरे. पण पतीने न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत आपण मोजली, हे त्यांनी कोठेही लपविलेले नाही. सुनीताबाईंच्या रोखठोक वाक्यांनी वाचकाचे कान तयार झाल्यावर लक्ष्मीबाईंच्या हसण्याखालचा हा दुसरा स्वर त्याला आठवणीतून ऐकू येतो. ‘हे सांगणाऱ्या बाईला कोणी विचारले होते काय?’ हा प्रश्न तो दुसऱ्या आठवड्यात शिकतो आणि बरोबर घेऊन तिसऱ्या आठवड्यात शिरतो.

‘बलुतं’ १९७८मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले आणि मराठीतील दलित आत्मकथनांच्या प्रवाहाला त्यापासून जोर आला. गावगाड्यात कामे करणाऱ्यांना पिकातून मिळणारा वाटा म्हणजे बलुते. लेखकाच्या वाट्याला आलेले बलुते कोणते, हे पुस्तकाचे शीर्षकच विचारते. त्याची मांडणी साधी वाटली तरी तिला फार महत्त्व आहे. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. एकच माणूस दोन झालेला आहे : एक गावाकडचा, महारवाड्यातला, दुसरा शिकून शहरात नोकरी करणारा, लिहिणारा. सांगणारा पहिला आणि ऐकणारा दुसरा. ‘स्मृतिचित्रां’त पाहुणा झालेला वाचक येथे कोणीच नसतो. दोघांचे बोलणे आडून ऐकणारा तो तिसरा असतो, आणि त्याच्यासाठी पाट मांडलेला नसतो.

येसकराची पाळी, गावभर फिरून आणलेली भाकर, मेलेली ढोरे ओढण्याचे काम, मुंबईतील कावाखान्याची दाट वस्ती, गोदीतले कष्ट आणि दारू यांचे चित्रण अन्य वाचकांप्रमाणे याही वाचकाला हादरवते. आपली मराठी म्हणजेच सारी मराठी हा त्याचा समजही येथे मोडतो. कित्येक शब्दांशी त्याला अडखळावे लागते आणि शब्दकोशाची फारशी मदत होत नाही. परंतु या महिन्याच्या क्रमामुळे त्याला आणखी एक गोष्ट दिसते. दुसऱ्या आठवड्यातला प्रश्न घेऊन आल्यामुळे तो ‘बलुतं’मधील स्त्रियांकडे पाहू लागतो. कष्टांनी पोर वाढवणारी आई, आणि जिच्यावर संशय घेऊन दगडूने जिला टाकले ती पहिली पत्नी सई. दगडू आपला अपराध झाकत नाही. ‘बलुतं’च्या प्रामाणिकपणाचे हे मोठे प्रमाण आहे. तरीही अपराधाची कबुली अपराध करणाऱ्याच्या तोंडून येते. सईचे म्हणणे काय होते, हे दगडूला ठाऊक नाही आणि दया पवारांनाही नाही. दोन आवाजांच्या या पुस्तकात तिसऱ्या आवाजाची जागा रिकामी राहते. ‘बलुतं’ एकटे वाचणाऱ्याला व्यवस्थेच्या क्रौर्यापुढे ही रिकामी जागा कदाचित दिसणार नाही. शेजारच्या पुस्तकाने ती दाखवली.

चौथ्या आठवड्यातील ‘जिणं आमुचं’ या जागेजवळ येते. बेबी कांबळे फलटणला लहानसे दुकान चालवीत. त्यांनी हे लेखन घरच्यांपासून लपवून केले आणि वर्षानुवर्षे लपवूनच ठेवले. पुस्तकरूपाने ते १९८६मध्ये आले. म्हणजे सुनीताबाईंच्या पुस्तकाआधी चार वर्षे. वाचकाच्या क्रमात मात्र ते शेवटी आहे. शीर्षकातील ‘आमुचं’ हे बहुवचन नुसत्या ढबीचे नाही. पुस्तकाच्या बऱ्याच भागात ‘मी’ दिसतच नाही. दिसतो तो वीरगावचा महारवाडा, त्यातील सण, अंगात येणे, देवाला सोडलेली मुले, उपासमार आणि कोवळ्या सुनांचा छळ. आपल्यावर लादलेल्या गुलामीची सर्व कडवट चव या वस्तीने आपल्याच सुनांना चाखायला दिली, हे लेखिका स्पष्ट सांगतात. डॉ. आंबेडकरांच्या शिकवणीने आलेली जाग सांगताना त्यांचा स्वर उंच होतो. शिकून मोठ्या पदांवर गेलेल्या आणि वस्तीला विसरलेल्या आपल्याच माणसांना जाब विचारताना तो कठोर होतो. ऐकणारा कोण, हा प्रश्न येथे पुन्हा बदलतो. हे पुस्तक प्रथम आपल्या लोकांशी बोलते. इतर वाचकांनी ते ऐकावे, पण आपल्यासाठी स्वर सौम्य केला जाईल अशी अपेक्षा धरू नये.

याच पुस्तकात एक लहानसा प्रसंग येतो. महार बायका जळणाच्या मोळ्या घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात. घरची बाई दूर उभी राहून बजावते की, लाकडे नीट पाहून ठेवा. त्यांत तुमच्या डोक्याचा केस किंवा लुगड्याचा धागा राहिला तर आमचे घर बाटेल. मग त्या बायका काटक्या तपासतात आणि मांडून ठेवतात. दमलेल्या देहाने, थोड्याशा पैशांसाठी. लेखिका प्रसंग सांगते तो उपरोधाने, पण हसू येईल असा नाही.

येथे वाचकाला पहिल्या आठवड्यातील मीठ आठवते.

एका घरात मीठ धुतले जाते आणि दुसऱ्या एका अंगणात लाकडातला केस शोधला जातो. दोन प्रसंगांत काही दशकांचे आणि अनेक कोसांचे अंतर आहे, पण रीत एकच. पहिला प्रसंग घराच्या आतून पाहिलेला आहे, दुसरा उंबरठ्याबाहेरून. आतून पाहताना सोवळे हे घरातल्यांचा छळ करणारे विक्षिप्त वेड वाटते. बाहेरून पाहताना त्या वेडाला ज्यांच्या स्पर्शाची भीती आहे, ती माणसे दिसतात. ‘स्मृतिचित्रां’तल्या त्या स्वयंपाकघरात चूल पेटत होती. तिच्यातले जळण कोणाच्या डोक्यावरून आले असेल, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात वाचकाच्या मनात आलाच नव्हता. चौथ्या आठवड्यात तो टाळता येत नाही. वहीतल्या ‘हसून पुरेवाट’ या शब्दांपुढे तो एक प्रश्नचिन्ह घालतो.

हा या महिन्याच्या वाचनाचा कळीचा क्षण आहे, आणि तो काळजीपूर्वक तपासला पाहिजे. त्यातून एक सोपा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे : लक्ष्मीबाईंचा विनोद सुखवस्तूंचा, म्हणून आता तो रद्द. असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ते ‘स्मृतिचित्रे’ अर्धवट वाचल्याचे लक्षण ठरेल. सोवळ्याची ती कहाणी त्या घरातील मुलीने सांगितलेली आहे. तिने वडिलांना हसावे, हीच त्या काळच्या मानाने मोठी गोष्ट होती. शिवाय लक्ष्मीबाई स्वतःला या वेडातून वगळत नाहीत. ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आल्यावरही काही काळ आपण आपले सोवळे कसे सांभाळले, आणि जातिभेद हा माणसाने घडवलेला आहे हा विचार एकदा पटल्यावर ते आपल्यापासून कसे गळून पडले, याची हकीकत त्यांनीच दिलेली आहे. पहिल्या वाचनात वाचकाला हा भाग धर्मांतराच्या कथेचा एक टप्पा वाटला होता. बेबी कांबळे यांच्यानंतर तो पुस्तकाचा कणा वाटू लागतो. धुतलेल्या मिठाच्या घरातून निघालेली मुलगी किती लांब चालत आली, हे मोजण्याचे माप वाचकाला चौथ्या पुस्तकाने दिले. विनोद त्यामुळे कमी होत नाही. त्याची किंमत कळते.

दुसरा धोका दुःखांची तुलना करण्याचा आहे. चार आत्मकथने एकापाठोपाठ वाचणाऱ्याला कोणाचे दुःख मोठे, हे ठरविण्याचा मोह होतो. सुनीताबाईंच्या व्यथेला मग ‘बलुतं’पुढे उभे राहण्याचा अधिकार नाही असे वाटते, किंवा उलट सर्वच दुःखे सारखी असा गुळगुळीत समन्वय सुचतो. दोन्ही मार्गांनी पुस्तके हातची जातात. या महिन्यात प्रत्येक पुस्तकाने दुसऱ्याला एक प्रश्न दिला, आणि तो प्रश्न त्या दुसऱ्या पुस्तकातच मुळात दबलेला होता. सुनीताबाईंच्या प्रश्नाने ‘बलुतं’मधील सई दिसली. ‘बलुतं’ने मोकळी ठेवलेली जागा ‘जिणं आमुचं’ने वेगळ्या प्रकारे भरली. ‘जिणं आमुचं’ने ‘स्मृतिचित्रां’तील सोवळ्याचा दुसरा अर्थ दाखवला. दुःखाच्या तोलण्यातून यातले काहीही हाती आले नसते.

या वाचनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कालक्रम सोडला की लेखकाला काय ठाऊक असणे शक्य होते आणि काय नव्हते, याचे भान सुटू शकते. १९३४च्या पुस्तकाने १९८६च्या पुस्तकाला उत्तर द्यावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. दोहोंच्या मध्ये १९५६चे धर्मांतर आणि त्यानंतरची दलित साहित्याची चळवळ यांचे परिणाम साठलेले आहेत. म्हणून इतिहासाची आणि अभ्यासक्रमाची शिस्त वाचकाला हवीच. खाजगी वाचन तिची जागा घेऊ शकत नाही. त्या शिस्तीने वेगळे केलेले ग्रंथ एका टेबलावर ठेवून पाहण्याचे काम मात्र ते करू शकते, आणि हे काम करणारे दुसरे कोणी नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक गोष्टही सांगण्यासारखी आहे. या चारही पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद झाले आहेत. ‘स्मृतिचित्रे’चा एक अनुवाद १९५०मध्ये आला आणि शांता गोखले यांनी केलेला २०१७मध्ये; ‘आहे मनोहर तरी’ गौरी देशपांडे यांनी १९९५मध्ये इंग्रजीत आणले; ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांनी २००८मध्ये, आणि ‘बलुतं’ जेरी पिंटो यांनी २०१५मध्ये. म्हणजे मराठी न वाचणाऱ्या भारतीय वाचकाच्या टेबलावरही ही चार पुस्तके आता एकत्र येऊ शकतात. मात्र लक्ष्मीबाईंची ओसरीवरची बोली, सुनीताबाईंचे घोटीव गद्य, दगडूची दोन जगांत वावरणारी भाषा आणि बेबी कांबळे यांची वस्तीतली बोली यांमधील अंतर मूळ मराठीतच पुरतेपणी जाणवते. एका भाषेत इतक्या भाषा नांदतात, हा महाराष्ट्राबाहेरच्या त्या वाचकाला झालेला लाभ अनुवादात निम्मा होतो.

महिना संपतो आणि पुस्तके ग्रंथालयात परत जातात, आपापल्या कपाटांत. वाचक त्या दिवशी नवे पुस्तक घेत नाही. पहिल्या कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून तो टेबलापाशी बसतो आणि आरंभीचे प्रकरण वाचू लागतो. मीठ धुण्यापाशी आल्यावर त्याला हसू येते. मागच्यासारखेच, पण या वेळी ते पान उलटण्याआधी तो थोडा थांबतो.